दुलाजीराव कासवाची निम्मी निद्रा

श्री कूर्मरूपी जगदाधार समर्थ असो. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सर, कार्तिकमासी एका राज्यात वर्तमान जाहले ते ऐसे जे, तेथील प्राणिशाळेत दुलाजीराव नामे कासव होते, आणि महाराजांची त्यावर मर्जी, म्हणोन त्यास सरदारकी दिधली होती आणि डोकीस पागोट्याचा मान दिधला होता. त्या दुलाजीरावांचे शेपटीखालील नाजूक इंद्रिय बाहेर आले, ते आत जाईना, सुकून काळे पडले, आणि कापून न काढिले तर विष अंगी चढोन सरदार जातील ऐसे जाहले. मग ते काम सगुणाबाई वेलणकर पशुवैद्य यांजकडे आले. मागील साली थोरले सरदार, कासव बाजीबा, यांस त्यांणीच साफ निजवून कापिले होते. कासवाची जात श्वास कोंडून धरणारी, त्यात औषध अंगात मुरून राहते, आणि निजल्या सरदारास हात लावू नये हा दरबारी शिरस्ता, म्हणोन चाकर पंखे घेऊन उभे आणि 'स्वारी निजली आहे' म्हणत राहिले, आणि मुंग्या लागल्या तेव्हा स्वारी गेली ऐसे समजले. ते दुःख बाईंचे मनातून गेले नव्हते. त्यांणी निश्चय केला की दुलाजीराव जागेच राहतील, मागले अंग तेवढे बधिर करावयाचे.

मग मेजाभोवती मंडळी जमली आणि दिवाण भिवराव बोलते जाहले, "बाई, जागत्या सरदारास सुरी लावणे बेअदबी आहे. साफ निजवा."

"साफ निजविले ते बाजीबा उठले नाहीत," बाई म्हणाल्या. "आणि दिवाणसाहेब, पागोटे आपण डोकीस दिलेत, शेपटीस नाही. सरदार जागे राहतील. मागल्या अंगास सरदारकी कुठे आहे?"

दिवाण म्हणाले, "हे गेले तर प्राणिशाळेत पुन्हा पाऊल टाकायचे नाही." बाई म्हणाल्या, "कबूल," आणि शेपटीचे वरले अंगास मणक्यांचे फटीत बारीक सुई घातली आणि वजनाचे मानाने मोजके औषध सोडिले. मग थांबल्या. मागला पंजा चिमट्याने दाबिला, तो सरदारांनी झटकन ओढून घेतला.

दिवाणांस चेव आला. "लागले नाही. दुप्पट ओता."

"ओतले तर पुढे चढेल. यांचे कवच आपल्या छातीसारखे हलत नाही. पुढल्या पायांच्या मुळाशी जोर करून श्वास घेतात, तेच अंग लुळे पडले तर आटोपले." ऐसे बोलोन बाईंनी पुढली फट चाचपिली आणि वजनाचे मानाने हद्दीत बसेल तितकेच औषध दुसऱ्यांदा दिधले, आणि पुन्हा थांबल्या. दिवाण खाकरले, चाकर खाकरले, बाई हलल्या नाहीत. मग मागला पंजा दाबिला तो ढिला पडून राहिला, आणि पुढला दाबिला तेव्हा सरदार फुस्स करोन रागावले.

तेव्हा बाईंनी सुरी घेतली आणि बांधायचे ते बांधोन कापायचे ते कापिले, आणि इतक्यात दुलाजीरावांनी मान लांब करोन समोरले जास्वंदीचे फूल खाण्यास आरंभ केला. सरदार जागे आणि समोर, म्हणोन दिवाणांस बसता येईना, शेवटला टाका पडेपर्यंत मुजरा करीत वाकून राहावे लागले. बाई मात्र टाक्याटाक्याला सरदारांचे खांदे श्वासासवे हलताना पाहत होत्या. काम सरल्यावर बाई मागला पंजा तळहाती धरोन बसल्या, आणि पुष्कळ वेळाने त्या पंजास जाग आली आणि सरदारांनी बाईंचे मनगटास सणसणीत लाथ मारिली.

"मारा सरकार," बाई रडत म्हणाल्या, "अजून एक मारा."

एवंच दुलाजीराव निम्मे निजले आणि पुरते जगले. बाईंचे मनगटास नखांचा ओरखडा उठला, त्यावर पट्टी न बांधता त्यांणी तो अवघ्या दरबारात मिरविला. घडले ते इतके, लिहिले ते इतके.