लांबणाऱ्या मशालींची हकीकत

श्री. ज्या शून्याच्या उदरी हे अवकाश नांदते त्यास नमन करोन लिहितो ऐसी जे, शके सोळाशे ब्याण्णव, विकृती नाम संवत्सरी, एका थोर राज्यात संकट ओढवले. तेथील रिवाज ऐसा की, दिवेलागणीस हरएक गडाने बुरुजावर मशाल लावावी आणि राजधानीने उत्तरादाखल मशाल दाखवावी, मगच सर्वांनी जेवणास बसावे. तों सरहद्दीच्या गडाची मशाल रोज अधिक मंद, अधिक तांबडी दिसो लागली, आणि मोजणी करविता गड लांब जातो ऐसे ठरले, आणि जाण्याचा वेगही वाढता. मग सरलष्कर निंबाजीराव अर्ज करते जाहले की, "किल्लेदार येसाजी धुमाळ गनिमास मिळाले, गडच घेऊन निघाले. कडेलोट करावा."

येसाजीस बेड्या घालोन हुजूर आणिले. महाराज पुसते जाहले, "येसाजी, आम्हांस सोडोन कोठे चाललात?" येसाजी म्हणाले, "महाराज, मी जागचा हललो नाही. मला तर राजधानीच लांब जाताना दिसते. चाकराने धन्यास फितूर कसे म्हणावे, म्हणोन गप्प होतो." दरबारात हशा पिकला, राजज्योतिषी अनंतभट मात्र ताठ बसले. मग बोलिले, "दोघांचेही दिसणे खरे. घंगाळातले पाणी ऊन, पण एका थेंबास ऊन म्हणता येत नाही. असंख्य कण हलतात, त्या हलण्यास ऊष्मा म्हणावे."

"भटजी, स्नानाचे मागाहून पाहू. गडास ओढणारा गनीम कोठे आहे ते सांगा," निंबाजीराव म्हणाले.

"तोच नाही, सरलष्कर. भूमीसही सूक्ष्म कण आहेत, आणि ओढ ही त्या सर्वांची मिळून वर्तणूक. नजर पोहोचते ती शीव. शिवेवर जितके कण मावतात तितके आत ऊष्म्याने जागे नाहीत. ही तूट भरावी म्हणोन गडागडांमध्ये नवी भूमी उपजते, आणि आपण रिता माळ मोजणीत धरीत नाही, ही आपली चूक. त्या रित्या माळासही किंचित तेज आहे. त्याविना तूट कधीच भरती ना."

महाराजांनी पुसिले, "तूट भरलियावर मशाली जवळ येतील?"

"नाही महाराज. शीव स्थिर होईल, पण माळाच्या तेजाने भूमी वाढतच राहील, आणि मशाली एकेक करोन तिजपलीकडे जातील."

मग येसाजींनी मुजरा करोन मागितले, "माझी मशाल दिसेनाशी होईल, त्या दिवशी मला फितूर म्हणो नये."

महाराजांनी स्वहस्ते बेड्या काढिल्या आणि हुकूम केला की, समोर उजेड असो वा नसो, राजधानीने मशाल दाखवावी.

सारांश, गनीम नव्हता, फितुरीही नव्हती. भूमी वाढत होती. हल्ली त्या दिशेस काळोख आहे, आणि मशाल रोज लागते, मग पाने वाढतात.