गोदाक्काचं डबकं आणि यशस्वी विनंती

एका जंगलात, मुलांनो, सगळा कारभार ऑनलाइन झाला होता. जंगलात कसा, असं विचारू नका. असले प्रश्न तिथल्या तरससाहेबांनाही आवडत नसत, आणि ते तर संगणक विभागाचे प्रमुख होते.

कुणाला पाणी हवं असलं, की मोबाइलवर विनंती टाकायची. ती जावा भाषेत लिहिलेल्या एका प्रणालीकडे जाई. प्रणाली ती वरच्या बंधाऱ्यावर, पाणमांजराच्या वेब सर्व्हिसकडे पाठवी. पाणमांजर दार उघडी आणि पाणी खाली येई.

ही प्रणाली एका सुगरणीनं विणली होती. वाघोबाला 'अयशस्वी' हा शब्द खपत नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं एक सोय केली होती. काहीही बिनसलं, तर ते लॉग फाइल नावाच्या वहीत गुपचूप लिहायचं आणि विनंती करणाऱ्याला कळवायचं, 'आपली विनंती यशस्वी झाली आहे.' एवढं करून ती बढतीवर शेजारच्या अभयारण्यात निघून गेली.

खाली एका डबक्यात गोदाक्का बेडकीण राहायची. डबकं आटत चाललं होतं. तिच्या दोनशे पिल्लांना अजून पाय फुटायचे होते, नुसत्या शेपट्या होत्या. पाणी संपलं की पिल्लंही संपणार होती. गोदाक्का रोज सकाळी विनंती टाकी. रोज उत्तर येई, यशस्वी. आणि रोज डबकं वीतभर आत सरके.

एके दिवशी प्रणालीच बंद पडली. वाघोबाला आपल्या शिकारीची यादी दिसेना. मग मात्र धावपळ झाली. तरससाहेबांनी नव्यानं लागलेल्या सुतारपक्ष्याला बोलावलं.

"सर, लॉग फाइल फुगून डिस्क भरलीय," तो म्हणाला. "लिहायला जागा नाही, म्हणून प्रणाली अडून बसलीय."

"एवढं काय लिहिलंय त्यात?"

"एकच ओळ, सर. नऊ लाख वेळा. बंधाऱ्याशी संपर्क होत नाही. पाणमांजराच्या सर्व्हिसचा पत्ता वर्षापूर्वी बदललाय. आपण अजून जुन्याच पत्त्यावर विनंत्या पाठवतोय. कोडमधली एक ओळ बदलली की झालं."

तरससाहेब हसले. तरसांना ते जमतं.

"तू नवीन आहेस. कोडला हात लावायचा तर समिती नेमावी लागते. समितीवर गेंडा आहे. त्याचं मत बनेपर्यंत तुझी पेन्शन सुरू होईल. फाइल पुसून टाक. आणि यापुढे लिहिणंच बंद कर."

"पण सर, खाली डबकं आटतंय."

"कुणाची तक्रार आहे?"

"विनंत्या आहेत."

"त्या यशस्वी झाल्यात. स्क्रीनवर बघ की."

सुतारपक्ष्यानं फाइल पुसली, लिहिणं बंद केलं आणि तडक डबक्यावर गेला. तिथं ओंजळभर पाणी उरलं होतं.

"दादा, माझंच काही चुकतंय का रे?" गोदाक्का म्हणाली. "बोट ओलं असतं माझं. बटण नीट लागत नसेल."

तो तसाच उडत बंधाऱ्यावर गेला.

"विनंती?" पाणमांजर म्हणाली. "वर्षभरात एक नाही आली बाबा. मला वाटलं, खाली चंगळ आहे."

तिनं दार उघडलं. संध्याकाळी डबकं भरलं. दोनशे शेपट्या वळवळल्या.

सोमवारी वाघोबासमोर बैठक झाली. तरससाहेबांनी दोन आकडे दाखवले. आधीच्या चुका नऊ लाख. आताच्या चुका शून्य. "महाराज, लॉग बंद केला आणि त्याच संध्याकाळी पाणी आलं. पाणी कशानं अडलं होतं, ते उघड आहे."

वाघोबालाही ते उघड वाटलं. साहेबांना 'वनरत्न' मिळालं. सुतारपक्ष्याला नोटीस मिळाली, विनंती क्रमांक नसताना परस्पर पाणी आणल्याबद्दल. तो जंगल सोडून गेला.

पत्ता अजून जुनाच आहे. महिन्याच्या आत डबकं पुन्हा आटू लागलं. गोदाक्कानं बोट पानाला पुसून चांगलं कोरडं केलं, मग विनंती टाकली.

उत्तर आलं, यशस्वी.

तात्पर्य : चूक कधीही दुरुस्त करू नये, तिची नोंद पुसावी. आणि मुलांनो, एवढं करूनही डबकं कोरडंच दिसलं, तर आपलं बोट आणखी एकदा पुसून बघावं.