तांब्यावरील राजमुखाची कैफियत

श्री. विघ्नहर्ता लेखणीस बळ देवो, आणि ऐकणारांस धीर देवो. शके सोळाशे सत्तावन्न, राक्षसनाम संवत्सर. ते साली एके दौलतीत जो अनर्थ जाहला तो येणेप्रमाणे. त्या राज्याची चाल ऐसी की, राजाची तसबीर तांब्याच्या पत्र्यावर कोरावी, शाई भरून कागदावर छाप काढावे, आणि गडोगडी लावावे, मग तमाम लोकांनी त्यास मुजरा करावा. पत्रा पणजोबांचे वेळचा एकच. घोडा तोच, जरीचा झगा तोच, कुरळ्या केसांचा फिरंगी टोप तोच; नवा राजा तख्ती बसला की जुने मुख खरवडावे आणि नवे कोरावे. हे काम खोगिरे शिवणारा नागोजी जिनगर करीत असे. हात ऐसा की मिशीचा केस न् केस दिसावा.

थोरले महाराज कैलासवासी जाहले, धाकटे तख्ती बसले, मग नागोजीने मुख कोरिले आणि छाप नेऊन दाखविला. महाराज तापले. बोलिले, "हे नाक आमचे? बसके! फिरोन कोर!" पत्रा मुखाचे जागी कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ जाहला होता, हे नागोजीस ठाऊक, पण भयाने तोंडातून "जी महाराज" एवढेच निघाले. मग खरवडू लागला आणि, शिव शिव! पत्र्यास भोक पडिले. घोड्यावर झगा आहे, टोप आहे, आणि मुखाचे जागी आरपार उजेड! कारभारी यादोपंत धावत आले. राज्याभिषेक दुसरे दिवशी. पंत बोलिले, "अरे, छाप गेले नाहीत तर आधी माझी मान जाईल! आहे तैसाच काढ!" आणि मुखाविना छाप गडोगडी रवाना जाहले.

महाराजांस वर्तमान कळले आणि हुकूम जाहला, "जिनगराचा उजवा हात तोडा! पण लोक आम्हांस किती हसतात, ते आधी पाहू." मग नागोजीस बांधून बरोबर घेतले आणि गडाचे दरवाजी आले. तो काय! किल्लेदार तसबिरीपुढे कमरेत वाकून मुजरा करीत आहे.

"किल्लेदार, तसबीर कैसी?"

"हुबेहूब, महाराज!"

"आणि नाक?"

"नाक तर साक्षात आपलेच!"

महाराज सर्द जाहले. हळूच आपले नाक चाचपून पाहिले, मग बोलिले, "सोडा त्यास. हात राहू द्या."

नागोजी रडत पायांवर लोटला. "महाराज, नवा पत्रा आणितो, मुख ऐसे कोरितो की..."

"नको," महाराज बोलिले. "कोणासाठी कोरशील?"

हात राहिला, पण कोरणे गेले, हे नागोजीस उमगले. हात तोडण्याचा हुकूम ऐकोनही त्याची ऐसी दशा जाहली नव्हती.

त्याउपरी तीन राजे तख्ती बसले, छाप तोच चालिला, मुजऱ्यास खंड नाही. नागोजी दोहों हातांनी खोगिरे शिवीत म्हातारा जाहला. जैसे घडले तैसे लिहिले, पदरचे काही घातले नाही.