दत्तूभावजी आन बारक्या छापखान्याची पुस्तकं

त्या दुपारी ओटीवर आमी चौघंच होतो. माझे मोठे दीर दत्तूभावजी, सासू, बोयसरचा रद्दीवाला रहमान आन मी. रहमाननं गोनी सोडली की भावजी पुस्तकाचं नाव बघत नसत. आदी वास घेत, मग पयलं पान उलटून बारीक अक्षरात छापखाना कुठला ते बघत.

तवा तारापूरला विजेच्या कारखान्याचं बांधकाम चाललेलं. सायब लोकांची रद्दी बोयसरला यायची, जाडजूड, चकचकीत.

“बडी किताब है, भाऊ. एकदम नयी.”

“छापखाना?”

“मुंबई.”

“ठेव तिथंच.”

डहानू, वसई, पालघर, असल्या बारक्या छापखान्याचं फाटकंबी चाले. जंतावरची औषदं, गुरांचे रोग, कुठल्या कुठल्या देवीच्या आरत्या. सासू म्हनायची, “दत्त्या, गोठ्यात गुरं नायत नि रोग कसले जमवतोस?”

“आये, तू चहा पी.”

त्या दिवशी अर्धी गोनी बघून भावजी जेवायला उठले. नवरा वारल्यापासून मी दोन पोरी घेऊन त्यांच्याच चिकूवाडीत राबत होते. शिकलेली दुसरीपरयंत. पाटीत चिकूखाली घालायला कागद नव्हता. गोनीतलं एक पातळ, उंदरानं कुरतडलेलं पुस्तक घेतलं, नाव बघितलं नाय, पानं फाडून अंथरली. पाटी बोयसरच्या बाजारात गेली.

सांजच्याला भावजी पुठ्ठा घेऊन आले. “गंगे, ह्याची पानं कुठं हायत?”

मी सांगितलं. ते उंबऱ्यावर बसले.

पुठ्ठ्यावर माझ्या जावेचं नाव होतं, सखूबाई. ती लग्नातली गानी, धवले, म्हनायची. तिच्याबिगर आमच्या चिंचणी गावात हळद लागत नसे. एका मास्तरनं ते धवले लिहून घेतले, पालघरच्या छापखान्यात छापले. ती बाळंतपनात गेली, तवा भावजीनं तिची पेटी त्या पुस्तकासकट रद्दीत देऊन टाकली. मग आठ वरसं तेच शोदत होते. घरात कोनाला बोलले नव्हते, त्या सांजेलाच मला सांगितलं.

मला रागावलेबी नाय. पुठ्ठ्यात कोरे कागद शिवले, आठवतील तसे धवले लिहायला बसले. दीड पान झालं आन टाक ठेवला. “ती म्हनायची तवा मी मांडवाबाहेर पान खात बसायचो,” म्हनाले.

भावजी जाऊनबी लय वरसं झाली. कोनाच्या माळ्यावर सखूबाईच्या धवल्यांचं पुस्तक असलं तर फाडू नका. चिंचणीला आमच्याकडं आना. मला नीट वाचता येत नाय, जरा बसून वाचून दाखवा.