राळेच्या पेटीतील पहिल्या पायाची बखर

श्री. रंगभूमीस नमन, तिचे फळ्यांस नमन, आणि फळ्यांवर पडोन पुन्हा उठले तयांस दोन वेळा नमन. शके अठराशे ऐंशी, विलंबी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, वार गुरुवार, दिवस चार घटका उरला असता रंगमहालाचे पडद्यामागील राळेचे पेटीत पावलांचे दोन ठसे उमटले. पैकी उजवा दीड जव खोल आणि डावा पाऊण जव. राळ कुटून बारीक केलेली, रंगाने मधासारखी. तीत जोडा घोळला म्हणजे तळवा फळ्यांवर घसरत नाही. ठसे गोजराबाईंचे. बाई दौलतीचे नृत्यपथकाच्या मुख्य, वय बेचाळीस, आणि बावीस वर्षे पेटीत पहिला पाय त्यांचा. रिवाज ऐसा की पहिला पाय मुख्य नर्तकीचा, तिने घोळल्यावाचून दुसरीने पेटीस शिवू नये. आणि ज्या दिवशी तो मान सुटेल त्या दिवशी तिजला शालजोडी देऊन वर सज्जात बसवावे, मग तिने फळ्यांवर पुन्हा येऊ नये. तीन वर्षांपूर्वी दोन्ही ठसे सारखे उमटत. मग डावा गुडघा कुरकुरू लागला, आणि डावा ठसा वर वर येऊ लागला, आणि हे बाईंनी दर खेळास पाहिले व कोणास सांगितले नाही. मागोमाग दुसरी नर्तकी सगुणा पाय घोळी, आणि ठसा मोडून जाई, आणि बाईंस तेवढेच बरे वाटे.

दिवाणजी दर दसऱ्यास विचारीत, "बाई, पुढे पहिला पाय कोणाचा?" बाई म्हणत, "घाई काय? पाडव्याला बोलू." पाडव्यास विचारले तर म्हणत, "सणाच्या दिवशी असलं विचारतात का?" दिवाणजी हात जोडून म्हणाले, "मग सण नसलेला एखादा दिवस तुम्हीच नेमून द्या." बाई हसल्या आणि दिवस नेमला नाही. सज्जा त्यांस ठाऊक होता. तेथे गाद्या मऊ, वारा चांगला, आणि खालचे पायांचा आवाज तेथवर पोहोचत नाही.

अशात महाराजांची मर्जी पाताळदेशीचे संगीतावर बसली. पाताळदेश म्हणजे समुद्रापलीकडील अमेरिका. तेथील थोरामोठ्यांचे नव्हे, तर हाटेलात, जत्रेत, मोटारीत जे गाणे वाजते ते. त्यात पितळेची वाकडी शिंगे रडत आणि हसत, गिटार खरखरे, आणि ढोलकऱ्यास बसून चार हातांचे काम दोन हातांनी आणि दोन पायांनी करावे लागे. हुकूम जाहला की पथकाने याच गाण्यांवर नवा बॅले बसवावा. पथक दोन पिढ्या बॅले नाचे. परंतु पाय बाहेर वळवून, मान ताठ ठेवून, मंद व्हायोलिनवर. मग नृत्यगुरू त्रिविक्रमपंत यांनी नऊ गाणी निवडली, आणि खांदे पाडावयास सांगितले, आणि कंबर मोकळी सोडावयास, आणि गुडघे आत वळवावयास. सोळा जणी पहिले आठ दिवस लाजल्या, नवव्या दिवशी हसल्या, आणि दहाव्या दिवसापासून ऐकेनात. सुट्टी दिली तरी घरी जाईनात.

तालीम तबकडीवर चाले. चवथे गाण्याचे तबकडीस एक ओरखडा होता. तबकडी मिनिटास अठ्ठ्याहत्तर वळसे घेई, आणि सुई ओरखड्याशी आली की एक वळसा मागे उडे. ऐसे चार वेळा, आणि मग पुढे जाई. एका वळशात दोन मात्रा, चार वेळा मिळून आठ. गुरुजी डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "वाहवा! एकच बोल चारदा. विरह याला म्हणतात. आपल्याकडे कोणाला सुचलं असतं?" मग त्या आठ मात्रांवर त्यांनी गोजराबाईंस चार गिरक्या दिल्या, चारही डाव्या पायावर, आणि बाकीच्या सर्वांनी तोवर निश्चळ उभे राहावे ऐसे ठरले. पथकात त्या जागेस विरहाची जागा म्हणू लागले. सहा महिने बाईंनी ती जागा रोज केली, आणि गुडघ्यास रोज गरम मिठाने शेकले.

खेळाचे दिवशी किनाऱ्याकडोन बँडवाले आले. त्यांचे प्रमुख कायतान मास्तर. त्यांची बोट दोन प्रहरी लागली, सबब एकत्र तालीम जाहली नाही. मास्तर म्हणाले, "एकदा तरी वाजवून घेऊ या, गुरुजी." गुरुजी म्हणाले, "गाणं तेच, तबकडी काय आणि तुम्ही काय!" मग पडदा उघडला, आणि महाराज व सारी सभा पुढे सरकोन बसली, आणि पहिली तीन गाणी ऐसी उत्तम जाहली की सभेतील वृद्ध सरदारही पायाने ठेका धरते जाहले. चवथे गाण्यात विरहाची जागा आली. सर्व जणी निश्चळ उभ्या राहिल्या आणि बाई डाव्या पायावर वळल्या. परंतु कायतान मास्तरांचे शिंगास ओरखडा नव्हता. पहिली गिरकी पुरी होते तो गाणे पुढील कडव्यात गेले. दुसरे गिरकीस बाईंचे कानांनी ते ओळखले, परंतु पाय सहा महिन्यांचे सवयीने तिसरे गिरकीस निघाला, आणि गुडघा आत लचकला.

तेव्हा सगुणा, जीस जागचे हलावयाची मनाई होती, ती चार पावलांत येऊन पोहोचली, आणि बाईंचे कमरेस हात दिला, आणि ओठ न हलविता म्हणाली, "बाई, गाणं पुढं गेलंय. माझ्याबरोबर चला." दोघी वळल्या, एकीचे वजन दुसरीवर, आणि पाचव्या पावलास गाणे सापडले, आणि त्यांचे पाहून बाकीच्यांसही सापडले. सभेस वाटले हीच योजना. टाळ्या ऐशा पडल्या की पुढील कडवे कोणास ऐकू आले नाही.

मध्यंतरास दिवे लागले, आणि पडद्यामागे गुरुजी मास्तरांवर धावोन गेले. "आठ मात्रा खाल्ल्यात तुम्ही! सबंध विरह गिळलात!" मास्तर म्हणाले, "मी? आणा पाहू ती तबकडी." तबकडी लावली. सुई ओरखड्याशी आली, चारदा उडाली आणि पुढे गेली. मास्तर खुर्चीत बसले, आणि डोळे पुसू लागले. "अरे देवा! हा विरह नव्हे हो गुरुजी, हा ओरखडा! सहा महिने तुम्ही ओरखडा नाचवलात!" गुरुजी क्षणभर लाल जाहले, आणि मग तेही हसले, आणि सोळा जणी भिंतीस टेकून हसल्या, आणि सर्वांत अधिक गोजराबाई हसल्या, गुडघा धरून.

मग उत्तरार्धाची घंटा जाहली आणि बाई पेटीशी गेल्या. पाय घोळले, मागे सरोन पाहिले. उजवा ठसा पूर्ववत; डावा जेमतेम नखाएवढा खोल. सगुणा पुढे आली आणि तिने आपला पाय नेमका त्या डाव्या ठशावर ठेवला, आणि दोनदा दाबला. बाईंस आठवले की ती नेहमीच तेथेच ठेवी.

"तिथंच का गं पाय ठेवतेस?"

सगुणा खाली पाहत म्हणाली, "मागच्यांना डोळे आहेत, बाई."

"किती दिवस?"

"तीन वर्षं होतील."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलायला तुम्ही हवं होतं. मी कशी बोलू? आणि तुम्ही वर सज्जात बसला असतात तर मघाशी मी कुणाच्या कमरेला हात दिला असता?"

बाई खाली बसल्या, हळूच, गुडघ्यास हात देऊन, आणि स्वहस्ते राळ सपाट केली, इतकी की पेटीत कोणी कधी उतरले होते ऐसे दिसेना. दिवाणजी लगबगीने आले आणि कानाशी म्हणाले, "बाई, शालजोडी आणवू का?"

एवंच वर्तमान ऐसे की पाताळदेशीचे गाण्यावर नाच उत्तम जाहला, सभा संतुष्ट जाहली, गुरुजींनी ती तबकडी जपोन ठेवली. आणि ज्या निकालास तीन वर्षे, सहा सण आणि आठ मात्रा लागल्या तो गोजराबाईंनी उभे राहोन सोळा जणींदेखत मोठ्याने सांगितला:

"शाल राहू द्या, दिवाणजी. आजपासून पहिला पाय सगुणेचा, आणि दुसरा माझा."