सत्तारमामूचा कोरडा समुद्र

सत्तारमामू तिकीट फाडून हातात देतो आणि लगेच ओरडतो, "नाक धरा! पाणी लागून राह्यलं!"

आत एका बादलीपलीकडं पाणी नाही. हे लोकांना माहीत आहे आणि मामूला तर आहेच, कारण समुद्र त्यानंच बांधलाय. तरी सरपंचापासून पोस्टमनपर्यंत झाडून सगळे नाक धरतात, गाल फुगवतात आणि पत्र्याच्या काळ्या दारातून आत जातात. एकदा मी तोंडावर विचारलं, "मामू, ही लोकांची फसवणूक नाही का?"

"फसवणूक तवा होईन बेटा, जवा कोणी बाहेर येऊन म्हणीन, मी भिजलो काहून नाही? आजलग कोणी म्हटलं?"

कोणी म्हटलेलं नव्हतं. तरी मला ते पटलं नाही. 

मामू मोटारींचा मिस्त्री. दारव्ह्याच्या रस्त्यावर त्याचं दुकान आहे. विहिरीवरचे पंप, कुलर, पिठाच्या गिरण्या, जे फिरायचं थांबलं असेल ते मामू फिरवून देतो. वय साठीच्या पुढं, घरात एकटा. हमीदामामी जाऊन बरीच वर्षं झाली. अकरा महिने तो ग्रीसमध्ये माखलेला असतो आणि चैत्रात आमच्या गावची जत्रा भरली की समुद्राचा मालक होतो.

हे वेड त्याला नागपूरकडच्या एका मोठ्या पार्कात लागलं. तिथल्या कुठल्याशा मोटारीचा आवाज कोणाला सापडत नव्हता म्हणून याला बोलावलं होतं. आवाज यानं अर्ध्या तासात शोधून काढला. मग मालकानं खूश होऊन त्याला पार्क फिरवून आणायला सांगितलं. तिथं अंधारातून गाडी जाते, चहूकडं निळा उजेड, मासे, शिंपले, बुडालेलं जहाज. मामू एकदा बसला, उतरलाच नाही. अकरा चकरा मारल्या. शेवटी तिथल्या माणसानं विचारलं, "चाचा, तब्येत ठीक आहे ना?"

"गेलतो मोटर पाहाले," मामू आजही सांगतो, "आलो समुद्र पाहून."

खरा समुद्र त्यानं पाहिलेला नाही. मुंबईला कधी गेला नाही, जायची इच्छाही नाही. "तिथला समुद्र वरून दिसते. वरून काय पाहाचं? वरून तं विहीरबी दिसते."

परत आल्यावर त्यानं भंगारातून समुद्र उभा केला. ठिबकच्या जुन्या काळ्या नळ्या कापून छताला टांगल्या. ते शेवाळ. गाडीतून जाताना त्या मानेला लागतात आणि बायका किंचाळतात. टायरात हवा भरायचा पंप एका बादलीत सोडलाय, ते बुडबुडे. बल्बांना निळी पन्नी, कोपऱ्यात दोन कुलर. आठ पायांचा प्राणी सायकलच्या ट्यूबांचा, त्यातली एक ट्यूब कायम पंक्चर. "एक पाय कमजोर हाय त्याचा. माणसाचा नसते का?" आणि तेलाच्या पिंपाचा देवमासा, त्याला या एवढाल्या मिशा. कारण मामूनं आयुष्यात पाहिलेला सगळ्यात मोठा मासा धरणातला, मिशीवाला.

"मामू, देवमाशाला मिशा नसतात."

"तू पाह्यला का?"

"फोटो पाहिलाय."

"मंग फोटोच्या वक्ती काढल्या असतीन."

आता माझी बाजू. मी आमच्या संघटनेची पत्रकं लिहिते. पत्रक लिहिणाऱ्याला समोरची गोष्ट कितीही गोंडस असली तरी तिची वायरिंग पाहावी लागते. आमच्या गावात चैत्रात नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही आला तर. बायका टँकरच्या मागं धावतात. आणि त्याच गावात लोक कोरड्या समुद्रात नाक धरून बसणार? मी पेटले. पत्रकाचं शीर्षक दिलं, "नळ कोरडा, जत्रेत समुद्र!" त्यात दोन मागण्या केल्या. पाण्याची मागणी ग्रामपंचायतीकडं होती. मामूच्या खेळाविषयीची साधी होती: पत्र्याची बंद खोली, आत वायरींचे जोड, बाहेर पडायला एकच दार. ठिणगी पडली तर माणसं जाणार कुठून? दुसरं दार काढा, नाहीतर खेळ बंद करा. खाली दोनशे सह्या घेतल्या.

मामूनं पत्रक वाचलं, घडी उलगडून पुन्हा वाचलं आणि तिकिटाच्या खिडकीवर चिकटवलं. गर्दी वाढली. संध्याकाळी मला हाक मारून म्हणाला, "पोरी, आणखी पन्नास देशीन का? लोक पुसून राह्यले, समुद्र कोणता तो पर्च्यातला."

मला इतका राग आला की मी पुरावा गोळा करायला पहिल्यांदाच स्वतः तिकीट काढलं.

गाडीत माझ्या शेजारी कौसल्याआजी बसली. आमच्याच ओळीतली, ऐंशीच्या घरातली, दर जत्रेला यायचीच. मी वही आणि पेन काढून तयार. पहिल्या वळणावर दोन उघडे जोड टिपले. दुसऱ्या वळणावर एक. मग टिपता येईना, कारण अंधार झाला आणि कुलरची गार हवा अंगावर आली.

एक गोष्ट सरळ सांगते, कारण ती खरी आहे. जत्रेतलं बाकी सगळं माणसाला वर नेतं, गरगरा फिरवतं आणि ओरडायला लावतं. मामूची गाडी खाली नेल्यासारखी जाते आणि गप्प बसवते. ती बैलगाडीपेक्षा हळू चालते. "पाण्यात घाई नसते करत," हे मामूचं ठरलेलं उत्तर. त्या अंधारात तुमचं तोंड कोणाला दिसत नाही. दिवसभर उन्हात कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून आलेल्या बाया तिथं डोक्यावरचा पदर खाली टाकून पाय पसरून बसतात. पुढच्या गाडीत नवं जोडपं होतं, त्यांचं मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. चार मिनिटं कोणी तुम्हाला काही विचारत नाही. एवढी मोकळीक आमच्या गावात दुसरीकडं कुठं मिळते, मला सांगा.

शेवटच्या वळणावर मासे संपले. बुडबुडेही मागं राहिले. निळ्या उजेडात घरं उभी होती.

पत्र्यातून कापलेली, हातभर उंचीपासून माणसाच्या उंचीपर्यंत. मारोतीचा पार, लिंबाचं झाड, हापशी, मशिदीचा बुटका मिनार. छतावर पाण्यासारखी सावली हलत होती.

"हे माह्यं घर," आजी म्हणाली. मग चिडून, "अन् तुळस अजूनबी डावीकडंच! मागच्या साली सांगतलं होतं त्याले."

तेव्हा मला कळलं. धरणाची दारं लागली तेव्हा बुडालेलं हे आमचं जुनं गाव. माझा जन्म नव्या गावठाणातला, पत्र्याच्या शेडमधला. जुन्या गावावर मी चार पत्रकं लिहिली आहेत. "बुडीत क्षेत्र" हा शब्द मी झोपेतही अचूक लिहीन. आजीची तुळस कोणत्या बाजूला होती, हे मात्र मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

बाहेर पडायच्या दारापाशी म्हाताऱ्यांची रांग होती. ती पुन्हा आत जायची नव्हती, तक्रारीची होती. पार एक हात पुढं घ्या. हापशीचा दांडा मोडका होता, नीट काहून दाखवला? दोन भाऊ सामाईक भिंतीवरून तावातावानं भांडत होते आणि मामू त्यांना म्हणत होता, "अरे, पाण्याखाली गेली तरी भांडता का बाप्पा?" पण भिंत कुठं होती ते त्यानं दोघांकडूनही नीट ऐकून घेतलं. दरवर्षी तो दुरुस्त्या ऐकतो आणि दरवर्षी गाव थोडं जास्त बरोबर होतं.

आजीनं त्याला तुळशीवरून झापलं. मामू कान पकडून उभा.

तरी मी मागणी मागं घेतली नाही. का घेऊ? आठवणी कितीही खऱ्या असल्या तरी वायर उघडी ती उघडीच. उलट आता माझा आग्रह वाढला, कारण आत म्हातारी माणसं बसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंचांनी निकाल दिला: वायरींना पाईप घाला आणि आज पाच वाजेपर्यंत दुसरं दार काढा, नाहीतर या वर्षीपासून समुद्राला जागा नाही. मी जिंकले. मामूही लगेच कामाला लागला. वायरी दुपारपर्यंत पाइपात गेल्या आणि मामू तोंडानं म्हणत होता, "पोरगी बराबर हाय. जोड खरंच खराब होते. मलेच शरम वाटून राह्यली."

मग दाराची जागा पाहायला आम्ही आत गेलो. एका भिंतीला मोटर आणि कुलर. दुसरीला लागून भज्याचं दुकान, तिथं कढई उकळत होती. उरली रस्त्याकडची भिंत, शेवटच्या वळणावरची. तिथं आजीचं घर आणि लिंबाचं झाड यांच्यामध्ये दार निघेल एवढा काळा कोरा पत्रा होता.

"हीच जागा," मी म्हटलं. "कापा."

"इथं नाही."

"काहून?"

"जागा खाली नाही."

"रिकामीच तर दिसते, मामू."

"दिसते," तो म्हणाला आणि हातातला कटर खाली ठेवून दिला. "सांगून दे सरपंचाले. बंद करतो म्हणा."

मला वाटलं, म्हातारा हट्टाला पेटला. मीही आवाज चढवला. एवढ्या लोकांचं गाव एका पत्र्यासाठी बंद करणार? याला काय अर्थ आहे?  मामू गाडीच्या काठावर बसला.

"माह्यं घर हाय तिथं."

मी पत्र्याकडं पाहिलं. काही नव्हतं.

"मंग केलं काहून नाही?"

"आठवत नाही ना पोरी. साऱ्या गावाच्या मोटरा पाहात फिरलो. पहाटे निघो, अंधार पडता येवो, जेवो, झोपो. दुसऱ्याचा उंबरठा सांगतो मी तुले, कोणाचा किती झिजला होता ते. माह्याच घराचं दार इकडं होतं का तिकडं..." त्यानं हात हवेत दोन्हीकडं फिरवला. "जिले माहीत होतं ते गेली. अंदाजानं केलं तं खोटं होईन. दुसऱ्याचं चुकलं तं दुसरा येऊन सांगते. माह्यं चुकलं तं कोण सांगन?"

"आजी तर शेजारी होती. तिला विचारायचं."

"आपलंच घर लोकाले विचारू का?"

मी त्याच्याशी वाद घातला नाही. वाद घालण्यात मी कोणाला हार जात नाही, पण चार वाजायला आले होते. मी सरळ जाऊन कौसल्याआजीला हाताला धरून घेऊन आले. वाटेत तिला सगळं सांगितलं. ती आत आली, कंबरेवर हात ठेवून कोऱ्या पत्र्यासमोर उभी राहिली.

"एवढं मोठं नव्हतं रे," तिनं सुरुवातच अशी केली. "खिडकी नव्हती, झरोका होता. अन् दार रस्त्याकडंच. ओटा होता समोर, हा एवढा."

"रस्त्याकडं? पक्कं?"

"पक्कं म्हणजे? हमीदा दिवस कलला का त्या ओट्यावर उभी राहे. तोंड रस्त्याकडं. मी पुसो, काय पाह्यते वं? तं म्हणे, काही नाही बाई, बकरी आली का पाह्यतो."

मामूनं मान वर केली. "आमच्याकडं बकरी नव्हती."

"तेच तं," आजी म्हणाली. "तुही सायकल वळणावर दिसली का गुपचूप आत जाये. तू येऊन पाह्यशीन तं चुलीपाशी."

बाहेर भजेवाला कोणाला तरी हाका मारत होता. आत मोटर बंद होती, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं.

"रोज?" मामूनं विचारलं.

"रोज."

तो उठला. खिशातून खडू काढला आणि रस्त्याकडच्या पत्र्यावर दाराची एक उभी रेघ मारली, मग दुसरी. वरची आडवी रेघ मारायची तेव्हा हात थांबला. हमीदामामी कुठवर यायची ते मापल्यासारखा त्यानं तळवा आडवा धरून स्वतःच्या कपाळाशी लावला. मग हनुवटीशी आणला. मग खांद्याच्या थोडा वर नेऊन तिथं धरला आणि आजीकडं पाहिलं.

"आणखी थोडं खाली," आजी म्हणाली.

त्यानं हात थोडा खाली घेतला.