छत्री बांधणारे झुगरे हवालदार

काशिनाथ झुगरे हवालदारांनी माझ्या भाच्याच्या लग्नात धरलेला अंतरपाट खाली घ्यायला लावला होता. नवरा-नवरी समोरासमोर उभी, सगळ्यांच्या मुठीत अक्षता, भटजींनी पहिल्या मंगलाष्टकासाठी श्वास घेतलेला, आणि तिसऱ्या रांगेतून शांत आवाज आला, "दुबारा." हवालदार उठून पुढे आले. अंतरपाट धरणाऱ्या दोघांच्या हातून त्यांनी तो काढून घेतला, झटकला, डाव्या कोपऱ्यातला पीळ सोडवला आणि कोपरे दोघांच्या मुठीत नीट बसवून दिले. "आता होऊ द्या," म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. या सगळ्यात मुहूर्त दीड मिनिट पुढे सरकला. नवरीच्या वडिलांचं तोंड जेवणाच्या पंगतीपर्यंत उतरलेलं होतं. भाच्याचा संसार आज नीट चालू आहे, म्हणून आता त्या दीड मिनिटाबद्दल कुणी बोलत नाही.

जव्हारच्या बाजारपेठेत माझं कापडाचं दुकान आहे. हवालदार मूळचे मोखाड्याकडचे, सूर्यमाळच्या एका पाड्यावरचे. बावीस वर्षं लष्करात काढून ते परतले, आणि उन्हाळ्यात पाड्यावर पाण्यासाठी बायकोचे हाल नकोत म्हणून माझ्या दुकानामागच्या दोन खोल्यांत राहायला आले. त्याला आता नऊ वर्षं झाली. पहिल्या दिवशी ओळख करून घ्यायला दुकानात आले, ते अजून रोज येतात. साखरशेतच्या, जामसरच्या बायका बाजाराला आल्या की वीस साड्या उघडायला लावतात आणि एक टॉवेल घेऊन जातात. मागे गादीवर जो ढीग उरतो तो हवालदार आवरतात. मी घातलेली घडी त्यांच्या नजरेला पडू नये अशी मी काळजी घेतो. पडली तर मोडतात.

"शेठ, ही घडी घाईत घातली."

"अहो हवालदार, साडी आहे. नेसताना मोडायचीच की."

"मोडंल तवा मोडंल. दुबारा."

तीस वर्षं मी कापडात आहे. माझ्या वडिलांनी मला दुसरं काही शिकवलं नसेल, पण घडी शिकवली. तरी या माणसासमोर मी अजून उमेदवारच आहे.

त्यांची खरी चलती झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी. शाळेतला झेंडा वर गेला, पाहुण्यांनी दोरी ओढली, पुन्हा ओढली, आणि शेवटी शिपाई बांबू घेऊन धावला, हे दृश्य आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. एका शाळेत असं झालं तेव्हा हवालदार तिथे हजर होते. पुढच्या खेपेपासून आजूबाजूच्या शाळांचे झेंडे तेच बांधू लागले. आदल्या दिवशी मोटारसायकलवरून शाळा-शाळा फिरतात आणि आत फुलं घालून घडी मारतात. दुसऱ्या दिवशी मात्र मांडवात बसत नाहीत. एखाद्या शाळेच्या कुंपणाबाहेर उभे राहतात, झेंडा एका हिसक्यात उघडला की मान हलवतात आणि गाडीला किक मारून पुढच्या शाळेकडे जातात. पेढा घ्यायलासुद्धा थांबत नाहीत.

ते लष्करात होते म्हणजे बंदूक चालवत असणार, असा आमच्या बाजारपेठेचा समज होता. त्यांच्या भिंतीवरच्या फोटोत डोक्यावर मरून टोपी आणि छातीवर पंखांचा बिल्ला. आमच्या हिने एकदा विचारलं, "भाऊजी, तुम्ही लढाईत काय करायचात?" तर म्हणाले, "मी छत्र्या बांधायचो."

विमानातून उडी मारणाऱ्यांच्या पाठीवरची छत्री. ती घडी करून पिशवीत भरणारी माणसं वेगळी असतात, हे मला तेव्हा कळलं. मोठा हॉल, लांबच लांब टेबलं. बांधताना बोलायचं नाही. मधेच कुणी हाक मारली, लक्ष जरा हललं, तर शेवटची घडी उरलेली असली तरी सगळं उघडायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. झालं की एका कार्डावर बांधणाऱ्याने सही करायची, आणि ते कार्ड छत्रीबरोबर जायचं.

"आन बांधणाऱ्यालाही उडी मारावी लागते, शेठ," ते म्हणाले. "आपुन काय बांधतो ते त्याला कळाया पायजे."

त्यांच्या पहिल्या उडीची गोष्ट ते वर्षातून एकदा-दोनदा सांगतात, तीही फार आग्रह केला तर.

"माझी छत्री ज्यानं बांधली त्याची सही मी कार्डावर बघितली. ओळखीचा. आमच्याच हॉलमधला. आदल्या दिशी त्याची दाढ सुजलेली, गाल हा एवढा. विमानाचा दरवाजा उघडा, दिवा लाल. बाकीची पोरं देवाचं नाव घेत व्हती, मना फकस्त त्याची दाढ आठवत व्हती. याचं लक्ष ठिकानावर व्हता का नव्हता? मंग दिवा हिरवा झाला. शिकवणाऱ्या उस्तादाची पाठीवर थाप पडली. गेलो. एक हजार, दो हजार, तीन हजार मोजला, आन चार हजारला झटका बसला. वर बघितला."

इथे ते दर वेळी थांबतात आणि माझ्या दुकानाच्या छताकडे बघतात. छताला एक पंखा आहे आणि थोडी ओल आहे. तरी मीही वर बघतो.

"तवापर्यंत मी हजार-बाराशे छत्र्या बांधल्या असतील. टेबलावर बघितल्या, वाळत टाकलेल्या बघितल्या. पन वारा भरलेली, खालून, उन्हात, अशी नव्हती बघितली. एक पीळ नाय. एक सळ नाय. आन आवाज नाय, शेठ. विमान गेला, मागं काय नाय. एवढा मोठा आभाळ, आन मी, आन त्या दाढवाल्यानं बांधलेली छत्री."

दुकानाच्या शिडीच्या चौथ्या पायरीवर चढायचं झालं तर मी बायकोला शिडी धरायला बोलावतो. आकाशातून उडी मारणं हा विषय माझ्या आवाक्यातला नाही. पण ही गोष्ट दहा वेळा ऐकूनही अंगावर काटा येतो, तो खराच येतो.

"उतरलो तो सरळ हॉलमधी गेलो आन त्याचं पाय धरलं," हवालदार शेवटी सांगतात. "तो बोल्ला, सोड बाबा, दाढ दुखते."

गेल्या वर्षी हा विषय माझ्या घरात शिरला. आमची मेघना डॉक्टर आहे, लष्करात कॅप्टन आहे. एका रविवारी फोनवर म्हणाली, "बाबा, छत्रीधारी तुकडीला डॉक्टर लागतो. मी नाव दिलंय. ट्रेनिंग आग्र्याला आहे." तिच्या आईने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, जसं काही विमान मीच चालवणार होतो. मी हवालदारांकडे धाव घेतली.

"काय व्हत नाय, शेठ. पाठीवरची उघडली नाय तरी छातीवर दुसरी असते."

"म्हणजे पाठीवरची उघडत नाही?"

ते म्हणाले, "तुमी दुकानात बसा."

मेघनाची पहिली उडी मंगळवारी सकाळी होती, वारा बरा असला तर. सात वाजता मी शटर वर करतोय तोवर हवालदार आलेच. त्यांनी भिंतीच्या कपाटातल्या सगळ्या साड्या गादीवर काढल्या. सगळ्या म्हणजे सगळ्या. नीट घडीच्या होत्या, त्यांच्याच हातच्या होत्या, त्यासुद्धा मोडल्या. मी तोंड उघडणार तर म्हणाले, "बोलू नका. त्या बाजूनं पदर धरा." इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच त्यांच्या घडीला हात लावू दिला. तास गेला, दोन तास गेले. एक पिवळी सुती साडी त्यांनी घडी घालून तीनदा मोडली. मला वाटत होतं, ते माझा जीव रमवायला आलेत. तसं नव्हतं. त्यांनाच घरात बसवत नव्हतं.

"उडीच्या दिशी मी जेवायचो नाय," ते साडीकडेच बघत म्हणाले. "मैदानाच्या कडंला उभा राहून मोजायचो. दारातून गेले किती, उघडले किती. शेवटचा मानूस खाली आला का मंग भाकर."

"कधी एखादी..."

"माझी एक पन नाय." हे त्यांनी अभिमानाने सांगितलं नाही. कसोटीतून नुकत्याच सुटलेल्या माणसासारखं सांगितलं.

साडेदहाला फोन वाजला. "बाबा, उतरले!" मागे वारा, मागे आरडाओरडा. जामसरच्या दोन बायका दुकानात होत्या, त्यांच्यासमोर मी रडलो, आणि त्याची मला अजिबात लाज वाटली नाही. मेघना सांगत होती, "बाबा, मी वर बघितलं ना, तर..." आणि पुढे तिला शब्द सापडेना. ही मुलगी बोलायला लागल्यापासून तिला शब्द कधी कमी पडलेले नाहीत.

हवालदारांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"पोरी, छत्री कोनी बांधली व्हती?"

"काका, ते नाही माहीत. कार्ड बघायचं राहिलंच घाईत."

"बरा बरा. नाय बघत कोन," असं हसून म्हणत त्यांनी फोन परत दिला. मग अर्ध्या साड्या तशाच गादीवर टाकून घरी जेवायला गेले.

त्यांचं ते हसणं मला टोचत राहिलं. दुपारी ते आले तेव्हा मी विचारलं, "हवालदार, तुम्ही त्या दाढवाल्याकडे गेलात. तुमच्याकडे कधी कुणी आलं?"

त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "पोरं उतरतात, नाचतात, गाडीत बसून जातात. आपुन छत्र्या गोळा करायच्या. कोन येईल?"

"वाईट वाटायचं?"

"तवा टाइम नसायचा," ते म्हणाले. "आता हाय."

संध्याकाळी मी मेघनाला हे सगळं सांगितलं. दुसऱ्या उडीच्या वेळी तिने कार्डावरची सही वाचली, आणि उतरल्यावर शोधत हॉलमध्ये गेली. बांधणारा तिच्याच वयाचा, बिहारकडचा होता. डॉक्टर मॅडम समोर बघून बिचारा ताठ उभा राहिला. "मॅडम, कुछ गलत था?" ती म्हणाली, "सब ठीक था. वही बताने आई हूँ." मग त्याने टेबलावरची अर्धी बांधलेली छत्री पहिल्यापासून उघडायला घेतली, कारण मॅडमने मधेच हाक मारली होती.

हे सगळं मेघनाने फोनवर सांगितलं. फोन ठेवला आणि ही गंमत सांगायला मी मागच्या खोल्यांकडे गेलो. हवालदार उंबऱ्यात बसून सुपात नाचणी निवडत होते. मी सगळं सांगितलं. ते हसले, "बरोबर केला त्यानं," म्हणाले. आणि मग मला तिथून निघवेना. माझ्या मुलीचे आभार आग्र्यातल्या एका परक्या माणसाला पोचले होते, आणि हा माणूस नऊ वर्षं माझ्या भिंतीपलीकडे राहत होता.

मी म्हणालो, "हवालदार, तुमच्या छत्र्यांनी जी पोरं खाली उतरली त्यांचे आईबाप कुठे कुठे असतील. त्यांना तुमचं नाव ठाऊक नाही. त्यांच्या वतीने मी आलोय."

आणि मी हात जोडले.

हवालदारांचा हात नाचणीतच राहिला, निवडायचा थांबला. मग त्यांनी सूप बाजूला सरकवलं, माझ्यासाठी उंबऱ्यात जागा केली आणि आत तोंड करून बायकोला हाक मारली.

"अगं, चा टाक. कोरा नको, दुधाचा टाक. पोरांचा बाप आलाय."